टिपकागद

सोमवार, ६ मे

अन्यायाची नोंद सर्वप्रथम. आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मला स्टेशनवर घ्यायला येणार असलेली मोटार आली नाही. ती आली तेव्हा बारा वाजायला आले होते. प्रकाशकमहाशय खाली उतरून असे हसले, जणू पाहुण्याला उन्हात पेटीवर बसवून ठेवणं हा त्यांच्याकडचा आदरसत्कार आहे. या दिरंगाईचा लेखी खुलासा शनिवारपर्यंत हवा, असं मी त्यांना जागच्या जागी सांगितलं. ते आणखी हसले. ज्या माणसाला हसण्यापलीकडे उत्तर सुचत नाही, त्याच्या दातांची मला कीव येते. फार राबावं लागतं त्यांना.

एवढं सोडलं तर आगमन छान झालं. हे लिहिते, कारण रोजनिशीत खोटं लिहू नये असं कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी आमच्या बोटांवर पट्टी मारून शिकवलं आहे. घर टेकडीवर आहे. नवं, पांढरं, काचाच काचा. माझी खोली पूर्वेची. टेबल रुंद, खुर्ची ताठ पाठीची, दिवा डाव्या हाताला. निवृत्त झाल्यापासून प्रथमच कुणीतरी माझ्या पाठीचा विचार केला.

धाकटी बहीण निघताना म्हणत होती, ताई, या वयात महिनाभर परक्याच्या घरी राहून प्रुफं तपासायची हौस कशाला? आम्ही दोघी एकाच घरात राहतो, त्यामुळे कशाला ते तिला कळायला हवं. ती एकदा बोलायला लागली की भिंतीवरचं घड्याळसुद्धा टोले द्यायला संकोचतं. महिनाभर शांतता मिळणार आणि वर पैसे मिळणार. नाही कोण म्हणेल?

काम एका पुस्तकाचं आहे, म्हणजे त्याला पुस्तक म्हणायचं धाडस केलं तर. अचाट शक्ती असलेल्या मुलांची कादंबरी, भाग तिसरा. अनाथ मुली, टेकडीवरचं घर, एक दयाळू बाई, आणि प्रत्येक पोरीकडे एकेक करामत. एकीच्या हातात कायमची ऊब. एकीचं कुठलंही कुलूप ऐकतं, उघड म्हटलं की उघडतं, मिट म्हटलं की मिटतं. मी बत्तीस वर्षं शिकवलं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींकडे अभ्यास न करता पास होण्याची शक्ती होती, त्यांच्यावर कुणी तीन भाग लिहिले नाहीत. प्रकाशक म्हणाले, ही पुस्तकं मुलांमध्ये भराभर पसरतात. मी म्हटलं, गोवरही पसरतो.

एक गंमत. मुलाखतीत त्यांनी माझ्या अनुभवाबद्दल जेमतेम विचारलं. खोदून खोदून एकच गोष्ट विचारली, बाईंना शब्द किती येतात? मी म्हटलं, मोजले नाहीत, पण कुणाची खरडपट्टी काढताना एकच विशेषण दोनदा वापरायची पाळी अजून आलेली नाही. ते इतके खूश झाले, की मला वाटलं आता टाळ्या वाजवतात.

मंगळवार, ७ मे

प्रुफं दोघांनी वाचायची असतात. एकीने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, आणि दुसरीने छापील कागदावर नजर ठेवायची. मला एक तयार, प्रौढ वाचक देण्याचं कबूल केलं होतं. आज समोर आणून बसवली ती आठेक वर्षांची पोर. करडा फ्रॉक, कातरलेले केस, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. कोऱ्या पाटीवर निदान धूळ असते.

घर लेखिकाबाईंचं आहे, आणि त्यांनी तीन मुली सांभाळायला घेतल्या आहेत. थोरली, मधली आणि ही. प्रकाशक म्हणाले, ही बोलत नाही, फक्त वाचते. मला आधी तो विनोद वाटला. पण खरंच. कागद समोर धरला की घडघडीत वाचते, एक वेलांटी चुकत नाही. कागद काढून घेतला की संपलं. नाव विचारलं, भूक लागली का विचारलं, वय विचारलं. नुसती बघत राहिली. जे पडेल ते मुकाट शोषून घेते, म्हणून मी तिचं नाव टिपकागद ठेवलं. तिने हरकत घेतली नाही. घेणार कशी?

तिला पद्धत समजावली. शब्द गाळायचा असला की मी तो मोठ्याने म्हणणार आणि पुढे ‘नको’ म्हणणार, मग तिनेही आपल्या प्रतीत त्यावर रेघ मारायची. ‘अद्भुत. नको.’ ‘अवर्णनीय. नको.’ असं दिवसभर चाललं. जे अवर्णनीय आहे त्याचं वर्णन करायला बाई कशाला बसल्या होत्या कोण जाणे. माझ्या प्रत्येक ‘नको’नंतर पोर आवंढा गिळते. सर्दी असावी.

गुरुवार, ९ मे

लेखिकाबाईंना अखेर जेवणाच्या टेबलावर पाहिलं. उंच, देखण्या, माझ्याहून लहान. म्हणाल्या, “ते. द्या. ते.” आणि मिठाकडे बोट दाखवलं. तिन्ही मुली खाली माना घालून जेवत होत्या. थोरलीसमोरचं सूप शेवटपर्यंत वाफाळत होतं, ते मात्र मला आवडलं. स्वयंपाकीणही तशीच, सगळं खुणेने. या घरात तोंडं फक्त खाण्यासाठी आहेत.

कादंबरीची भाषा बाईंसारखीच. ‘मुलगी आली. मुलगी ते घेऊन आली. ते चांगलं होतं.’ राग आला म्हणून मी कपाटातला पहिला भाग काढून वाचायला घेतला, म्हणजे दोन्हींची एकदमच खबर घेता येईल. नाइलाजाने लिहिते, तो चांगला आहे. भरघोस, खट्याळ, काही वाक्यं तर मला परत वाचावीशी वाटली. दुसरा भाग त्याहून रोड. तिसरा म्हणजे सापळा. यशाने माणसं आळशी होतात, दुसरं काय.

तिसऱ्या प्रकरणात एक मुकी मुलगी येते. तिची शक्ती म्हणजे दुसऱ्याने ‘नको’ म्हणून टाकलेला शब्द हिचा होतो, आणि टाकणाऱ्याकडून तो कायमचा जातो. परत हवा असेल तर त्या शब्दाचं नाव घेऊन मागावा लागतो. मी समासात लिहिलं, ‘पटत नाही. जो शब्द गेला त्याचं नाव घेणार कसं? शिवाय शब्द कुणाच्या बापाचा नसतो.’ तर्कशास्त्राचा इतका उघड बट्ट्याबोळ मी आठवीच्या निबंधातही खपवून घेतला नसता.

आज बरीच छाटणी केली. ‘ती खुर्चीवर बसली.’ माणूस बसतो तो खुर्चीवरच, ढगावर बसली असेल तर सांगावं. खुर्ची, नको.

शनिवार, ११ मे

लेखी खुलासा आलेला नाही. प्रकाशक स्वतः आले, आणि मी किती शब्द गाळले तेवढं पाहून हात चोळत गेले. त्यांना सोमवारपर्यंत मुदत वाढवून दिली.

सकाळी एक मूर्खपणा झाला. माझा. स्वयंपाकिणीला सांगायला गेले की माझ्या खोलीतली ती, बसायची, चार पायांची, तिचा एक पाय डुगडुगतो. आणि शब्दच आठवेना. रोजच्या वापरातला शब्द! मी तिथे उभी राहून ‘ती गं, ती, टेबलाशी ओढतात ती’ असं एखाद्या बावळट पोरीसारखं करत राहिले. स्वयंपाकिणीने हातातलं भांडं खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. तिची ही हिंमत. आता तिच्याकडूनही लेखी माफी घ्यावी लागणार.

अजून आठवत नाही. वय झालं म्हणायला मी तयार नाही. झोप कमी झाली असेल.

पुस्तकात एक खाष्ट म्हातारी आली आहे. टेकडीवरच्या घरात येते आणि सगळ्यांच्या चुका काढते. ‘तिने चष्मा काढला, चष्मा पुसला, चष्मा घातला.’ दोन उडवले. चष्मा, नको. चष्मा, नको. टिपकागदाने दोनदा आवंढा गिळला.

रविवार, १२ मे

धाकटीचा फोन. रविवारी करायचा असं ठरलेलं आहे. तिने शेजारणीचं भांडण, नळाचा वायसर, भाजी कशी कडू निघाली, आणि स्वप्नात मी ट्रकवर बसून कुठे निघाले होते, हे सगळं एका श्वासात सांगितलं. मी म्हटलं, इथे सगळं ठीक आहे, फक्त त्या सापडत नाहीयेत, त्या, नाकावर बसवतात त्या काचा. ती हसत सुटली. म्हणाली, ताई, म्हातारी झालीस गं. मी म्हटलं, तुझ्या जिभेला अजून वय कसं लागलं नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

टिपकागद जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती. धाकटीचा आवाज फोनबाहेर सांडतो, त्याला तिचा इलाज नाही. पोर ओठ हलवत होती. एखादं मूल मिठाईच्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभं राहतं ना, तशी.

त्या काचा माझ्या कपाळावरच होत्या. पण त्यांना काय म्हणतात?

मंगळवार, १४ मे

असला अपमान उभ्या जन्मात झाला नव्हता. आम्ही वाचायला बसलो होतो. ‘लाल दाराच्या लाल घरात लाल दिवा’ असं वाक्य आलं, आणि मी म्हटलं, लाल, न— तेवढ्यात लेखिकाबाई आत आल्या आणि त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. त्यांचा तळवा घामेजलेला होता. मी तो झटकून टाकला आणि वाक्य पुरं केलं, त्यांच्या डोळ्यांत बघून, मुद्दाम दोनदा. त्या खाली बसल्या. “आता,” म्हणाल्या, “ते. पण. गेलं.” आणि रडायला लागल्या, तेही आवाज न करता.

बाईंना उद्या सकाळपर्यंत लेखी माफीची मुदत दिली आहे. वहीतला कोरा कागद फाडून, पेनसकट, त्यांच्या हातात दिला. त्यांनी बराच वेळ पेन टेकवून ठेवलं. शाईचा एक थेंब पडला तेवढाच.

गुरुवार, १६ मे

दुकानातून मला हवी तशी पेन्सिल आणायला सांगताना, टोमॅटोसारखी, रक्तासारखी, असं सांगावं लागलं. थोरलीने माझा हात हातात घेतला. तिचा हात खरंच गरम आहे, इस्त्रीसारखा. मी काढून घेतला.

बाईंची माफी आली नाही.

पुस्तकातली म्हातारी रंगात आली आहे. आज तिच्या तोंडी अख्खी ओळ शिव्यांची. मूर्ख, बावळट, ठोंब्या, नतद्रष्ट, शुंभ. म्हातारी कोणावरून घेतली ते कळायला मला फार अक्कल लागली नाही. ही ओळ हस्तलिखितात नंतर घातली आहे, अक्षर बाईंचं नाही, गोल गोल आहे, लहान मुलाचं. एकेक उडवली. नाजूकपणा म्हणून नाही. चांगल्या शिव्या पोरांच्या पुस्तकात वाया घालवू नयेत म्हणून.

शनिवार, १८ मे

प्रकाशक आले. खुलासा नाही, माफी नाही, आणि वर विचारतात, काम कसं चाललंय. मी त्यांची हजेरी घ्यायला तोंड उघडलं. काही आलं नाही. राग आला, पुरेपूर आला, घशापर्यंत आला, आणि तिथे शब्दाची जागा रिकामी. मी म्हटलं, “तुम्ही फार... तसले आहात.” ते हसले. मी बत्तीस वर्षं ज्या हत्यारावर जगले त्याची नुसती मूठ हातात राहिली आहे.

तेवढ्यात बागेतून आवाज आला. माझा. मी खोलीत, आणि बाहेर माझा आवाज कुणालातरी झोडपत होता. जाऊन पाहिलं. टिपकागद हौदाशी उभी राहून माळ्याच्या कुत्र्याला बोलत होती. शब्द कानावर पडले आणि घरंगळून गेले, एकाचाही अर्थ लागला नाही. पण सूर ओळखला. तो सूर मी घडवला आहे.

रोजनिशी पहिल्या पानापासून वाचली. ‘टेबल रुंद’, त्यापुढे एक काळा किडा, मग ‘ताठ पाठीची’. किडा मीच लिहिला आहे, माझ्या सुबक अक्षरात, आणि तो मला वाचता येत नाही. प्रुफांत रेघेखाली तसेच किडे. तिसरं प्रकरण पुन्हा वाचलं. समासातली माझी टीपही वाचली. पटत नाही, म्हणे.

आता लेखिकाबाईंचं कळतं. पहिला भाग, दुसरा, तिसरा. त्याही लिहिता लिहिता मोठ्याने खोडत असणार. आणि स्वयंपाकीण रोज काय काय नको म्हणत असेल! मला इथे प्रुफांसाठी आणलेलं नाही. माझा साठा मोठा आहे म्हणून आणलं आहे.

रविवार, १९ मे

धाकटीचा फोन. मी जपून बोलले, तरी तीन ठिकाणी अडकले. तिची बडबड थांबली. चौथीत असताना मी झाडावरून पडले होते तेव्हा ती अशी गप्प झाली होती. म्हणाली, ताई, तुला झटका आलाय, बोलताना कळतंय, मी उद्याच्या गाडीने येते. मी ओरडले. नको. नको. इथे अजिबात यायचं नाही, मीच येते परत. ती रुसली, पण कबूल झाली. तुझ्या ‘नको’पुढे कधी कुणाचं चाललंय, म्हणाली.

मागे वळले तर टिपकागद. अगदी जवळ. फोनकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

धाकटीकडे किती शब्द आहेत. पावशेर अकलेला मणभर शब्द, असं मी तिला नेहमी चिडवते. ती या पोरीसमोर बसली तर तासाभरात... ती तर दर वाक्याला ‘चहा नको, साखर नको, मला बाई काही नको’ करते.

सोमवार, २० मे

पेटी भरली. फाटक उघडेना. मधली त्यावर बसून पाय हलवत होती.

टिपकागदाला समोर बसवून सांगितलं की माझे शब्द परत कर. ती वाट बघत राहिली. मी बोट दाखवलं, जिच्यावर बसतात तिच्याकडे. तिने मान हलवली. नाव घेऊन माग, असं तिला म्हणायचं होतं. मग तिने एकच शब्द उच्चारला, माझ्या आवाजात, नाक किंचित वर करून. कुठला ते कळलं नाही. तुच्छतेचा होता एवढं कळलं.

उद्याची प्रुफं पाहून ठेवली. शेवटच्या पानावर म्हातारी खिडकीतून फाटकाकडे ओरडते, कुणीतरी येत असतं त्या दिशेने: ‘नको, नको! नाही! थांब! मागे फीर! घरी राहा! धोका! पळ, पळ!’ गोल गोल अक्षर. सात उद्गारचिन्हं. भिकार मेलोड्रामा. पण मी काही दूधखुळी नाही. उद्या तोंडातून शब्द काढायचा नाही. रेघा मारायच्या त्या मुक्याने.

मंगळवार, २१ मे

झालं.

दुपारभर ओठ मिटून बसले. रेघा मुक्याने मारल्या. मग ती ओळ आली. टिपकागदाने ती वाढवून वाचली. पहिला शब्द पाच वेळा, सात वेळा, तालावर, पाढे म्हटल्यासारखा. वर्गात माझी पाठ वळली की पोरी चिडवायच्या तशी. माझी मान तापली. एवढ्या वर्षांची सवय. एक शब्द एकदाच हवा. हात उठला, तोंड उघडलं, आणि मी अख्खी ओळ खाडकन काढून टाकली. एकेक शब्द वेचून, मोठ्याने, स्वच्छ. प्रत्येकापुढे माझा तो रोजचा. सगळ्यात शेवटी पहिला शब्द उरला होता. त्याच्यापुढेही तोच म्हटला—

आता तो तिचा. सगळेच तिचे. आधी शब्द जायला रात्र लागायची, आज बोलताच गेले.

ती हसली. पहिल्यांदाच. दात बारीक आहेत.

मान डावीकडून उजवीकडे हलवता येते अजून. माझ्याजवळ तेवढंच उरलं.

बुधवार, २२ मे

फोन वाजला. मी जिन्यात होते. टिपकागद आधी पोचली.

माझा आवाज. खाकरणंसुद्धा माझं. धाकटीला म्हणाली, झटका वगैरे सगळं थोतांड, मी ठणठणीत आहे. तुझी बडबड फार आठवते, शुक्रवारी चारच्या गाडीने ये. वर एक टोमणा मारला, माझ्या पठडीतला. धाकटी खिदळली.

तिला कळायला हवं होतं. तिची बडबड आठवते असं मी तिला कधी तोंडाने सांगितलंय? खरं असलं, तरी?

मी रिसीव्हर ओढून घेतला. बोलायला गेले ते वाक्य शेवटच्या शब्दाशी अडलं. मान हलवली. जोरात. डावीकडून उजवीकडे, पुन्हा, पुन्हा. फोनला डोळे कुठले. धाकटी म्हणाली, “ताई, ऐकतेस का? बरं, येते गं. तुझी उशी घेऊन येते.”

गुरुवार, २३ मे

फाटकाला हात लावला की ते आणखी घट्ट होतं. प्रकाशकांना मात्र उघडं.

चौथा भाग सुरू झाला म्हणाले. टिपकागद सांगते, ते उतरवून घेतात. काय भाषा, काय धार. मला पान दाखवलं. अर्धं पान किडे. उरलेलं अर्धं चांगलं आहे. चांगलंच असणार—

उठताना म्हणाले, “बाई, तुमची बहीण फार बोलते म्हणे. उद्या मोटार अगदी वेळेवर पाठवतो.”

लेखिकाबाई जिन्यात बसल्या होत्या. मी शेजारी बसले. त्यांनी माझा हात धरला. मी धरू दिला.

स्वयंपाकीण उद्या चार वाजता स्टेशनबाहेर बाजार करते. चिठ्ठीची खूण केली. तिने मान डोलावली. पदराला डोळे पुसले.

शुक्रवार, २४ मे

टिपकागद दारात. धुतलेला फ्रॉक. केस विंचरलेले.

चिठ्ठी. ‘धाकटे, ये’. फाडली. ‘धाकटे, तू ये’. फाडली. वाक्य सुरू होतं, शेवट तिच्याकडे—

‘ये’ लिहून वर रेघ मारली. व्यर्थ. माझ्या पत्रातला खोडलेला शब्द धाकटी उजेडाला धरून आधी वाचते. आणि तोच खरा मानते. बालपणापासून—

खाली मोटार सुरू झाली. वेळेवर.

स्वयंपाकीण पिशवी घेऊन उभी. घाई कर म्हणते, डोळ्यांनी. रागाने लिहिते. रागाला शब्द थोडे लागतात.

धाकटे. आज पाचच्या आत मला लेखी उत्तर हवं. मोटारीत बसण्याआधी. स्टेशनातच लिही, हिच्या हाती दे. तोंडी चालणार— लेखीच. एकच ओळ. तुझ्या अक्षरात, ठळक, स्वच्छ. लिही, ताई, मी त्या टेकडीवर येणार—